लुडोगोरेट्स: राझग्राडचा क्लब मोठा कसा झाला?

ईशान्य बल्गेरियातलं राझग्राड हे जेमतेम तीस हजार वस्तीचं गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते यायचं ते रोमन सम्राट डेसियसमुळे; 251 साली गॉथांशी लढताना तो इथेच, अब्रिटस या तेव्हाच्या रोमन नगराजवळ, मारला गेला. फुटबॉलशी गावाचं नाव जोडलं गेलं ते अगदी अलीकडे.

लुडोगोरेट्स क्लबच्या नावात 1945 हा आकडा आहे खरा, पण आजच्या क्लबचा जन्म 2001 सालचा. त्याचं आधीचं नाव 'राझग्राड 2000'. बल्गेरियन फुटबॉल म्हणजे सोफियातले सीएसकेए आणि लेव्हस्की हे दोन क्लब, असं समीकरण असलेल्या देशात 2010 पर्यंत हा क्लब तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्याच वर्षी उद्योगपती किरिल डोमुस्चिएव्ह यांनी तो ताब्यात घेतला. त्यांची हुवेफार्मा कंपनी जनावरांची औषधं बनवते (तिची एक शाखा आपल्या पुण्यातही आहे). 2011 मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत आला आणि पहिल्याच मोसमात, 2012 साली, लीग आणि कप दोन्ही घेऊन गेला. निर्णायक सामना शेवटच्या फेरीत, समोर सीएसकेए, निकाल 1-0.

परीकथा म्हणायचा मोह होतो, पण यामागे मुख्यतः पैसा होता. फक्त तो नीट वापरला गेला. ब्राझीलहून आणलेले खेळाडू टिकवले. मार्सेलिन्यो तर पुढे बल्गेरियाच्या राष्ट्रीय संघातही खेळला.

तरीही 27 ऑगस्ट 2014 ची रात्र पैशाच्या हिशेबात बसत नाही. चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेचा सामना, समोर बुखारेस्टचा स्टेआवा. सामना सोफियात, राझग्राडपासून साडेतीनशे किलोमीटरवर. 90व्या मिनिटाला लुडोगोरेट्सच्या वांदरसनने गोल करून दोन सामन्यांच्या एकूण गोलांत बरोबरी साधली. जादा वेळेत, 119व्या मिनिटाला, त्यांचाच गोलरक्षक स्टोयानोव्हला लाल कार्ड मिळालं, आणि बदली खेळाडूंचा कोटा तर आधीच संपलेला! मग बचावपटू कोस्मिन मोत्सीने हातमोजे चढवले. हा गडी स्वतः रुमानियाचा, म्हणजे आपल्याच देशातल्या क्लबविरुद्ध उभा. पहिली पेनल्टी त्यानेच मारली, गोल केला, मग दोन फटके अडवले. शूटआउट 6-5. राझग्राडच्या स्टेडियममधल्या एका स्टँडला आज मोत्सीचं नाव आहे.

पुढे गटात लिव्हरपूल, रियल माद्रिद आणि बाझेल आले. बाझेलला हरवलं, लिव्हरपूलला 2-2 असं रोखलं.

देशात मात्र चुरसच उरली नाही. 2012 ते 2025 अशी सलग 14 विजेतेपदं याच क्लबकडे गेली. सोफियाचे चाहते यावर नाकं मुरडतात. सीएसकेएची 31 विजेतेपदं ते अजून ऐकवतात.