ब्रिटिशकाळातील पणजोबांचे घराणे कसे शोधावे: मृत्यूनोंद, वारस फेरफार आणि मृत्युपत्रासाठी अर्ज

जातीचा दाखला, वडिलोपार्जित जमिनीचा वाद किंवा निव्वळ घराण्याची ओढ, कारण काहीही असो, जुन्या नोंदी शोधायला निघालेला बहुतेक माणूस आधी पणजोबांचा जन्म शोधतो. माझे मत उलटे आहे. आधी त्यांच्या मृत्यूची तारीख शोधा. माणूस गेला की गावदप्तरात मृत्यूची नोंद होते, जमिनीवर वारस लागतात आणि मृत्युपत्र केलेले असेल तर तेही बाहेर येते. जन्माच्या वेळी एवढे कागद होत नसत. खालची माहिती मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातल्या, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशातल्या गावांची आहे.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. त्यावर ‘जुने फेरफार क्र.’ असा रकाना असतो. हस्तलिखित सातबाऱ्यावर हेच आकडे नावाशेजारी वर्तुळात लिहिलेले दिसतात. त्यांतला वारसाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, हाती लागला की निम्मे काम झाले. त्यात अमुक खातेदार केव्हा मयत झाला आणि त्याच्या मागे वारस कोण, हे लिहिलेले असते. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर आले आहेत. तिथे नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. अर्जात गाव, त्या काळचा तालुका, सर्वे नंबर, फेरफार क्रमांक आणि अंदाजे कालावधी लिहा. सोबत ओळखपत्र, आजचा सातबारा आणि कोर्ट फी स्टॅम्प जोडा. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर ठाऊक नसेल तर उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडून एकत्रीकरण योजनेचा उतारा आधी घ्या. चुकीच्या नंबरावर केलेला अर्ज ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो आणि माणूस उगाच हताश होतो.

फेरफार वाचताना घाई करू नका. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला थोरला भाऊ आहे. धाकट्या भावांची नावे त्या कागदावर नसतात, पण ते होते. ‘अ.पा.क. आई’ दिसले तर मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असताना बाप गेला आणि आई पालनकर्ती म्हणून लागली, असे समजा. म्हणजे मुलाच्या वयाचाही अंदाज मिळाला. लेकींची नावे मात्र या फेरफारांत सहसा सापडणार नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलगे असताना बापाच्या जमिनीला लेकींची नावे लागत नसत. फेरफारात फक्त दोन मुलगे आहेत म्हणून पणजोबांना मुली नव्हत्या असे धरून चालू नका. मला या कामात सर्वांत जास्त खटकते ती हीच गोष्ट, की अर्धे घराणे या कागदांवर येतच नाही.

मृत्यूचा सुमार कळला की जन्म-मृत्यूची नोंदवही बघा. गावाकडे तिला कोतवाल बुक म्हणतात, दप्तरी नाव गाव नमुना १४. ही जुनी पुस्तके बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. जुन्या नगरपालिकेच्या हद्दीतली नोंद असेल तर नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाकडे विचारा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ प्रमाणे कोणीही शोध घ्यायला सांगू शकतो आणि उतारा मागू शकतो. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण मात्र दिले जात नाही.

जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव शोधत बसू नका. बारसे व्हायच्या आधीच कोतवाल नोंद देऊन मोकळा होई, त्यामुळे तिथे बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच सापडते. म्हणून आजोबांचा जन्म पणजोबांच्या नावावर शोधावा लागतो. मृत्यूच्या नोंदीत वय लिहिलेले असते, पण ते अंदाजाने सांगितलेले. ‘६०’ वाचलेत तर दोन्ही बाजूंची चार-पाच वर्षे धरून चाला. ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमुकचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमुकची बायको. वर्ष फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सनात, असेल तर इसवी सनासाठी ५९० मिळवा, शके असेल तर ७८. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतली पाने मिळाली तर तुमची एक नोंद घेऊन वही मिटू नका. मागची-पुढची पाने बघा, कारण त्या शरद ऋतूत एकाच घरातली दोन-तीन माणसे काही दिवसांत गेल्याच्या नोंदी लागोपाठ सापडतात. आत्या, चुलत्या आणि लहानपणी गेलेली भावंडे तिथेच भेटतात.

वही मोडीत असेल तर लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्या. दाखल्यासाठी कागद वापरायचा असेल तर कार्यालय कोणाचे लिप्यंतर मान्य करते, हे आधी विचारा.

आता मृत्युपत्र. नोंदणी कार्यालयात, म्हणजे दुय्यम निबंधकाकडे, मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र पुस्तक क्रमांक ३ मध्ये नोंदले जातात. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच मिळते. तो वारल्यावर मात्र कोणीही अर्ज करू शकतो, नाते सिद्ध करण्याची अट नाही. म्हणूनच मृत्यूचा उतारा आधी हवा, तो अर्जाला जोडायचा असतो. पुस्तक ३ स्वतः चाळता येत नाही, शोध नोंदणी अधिकारीच घेतो आणि शोध शुल्क भरावे लागते. वर्षांचा टप्पा जितका अरुंद, तितके बरे. दुय्यम निबंधकाकडे जुनी पुस्तके नसतील तर जिल्ह्याच्या सह जिल्हा निबंधकांकडे चौकशी करा. ऑनलाइन ई-सर्चवर हा काळ मिळत नाही. मृत्युपत्राची नोंदणी तेव्हाही ऐच्छिक होती, आजही आहे. तेव्हा ते पुस्तकात सापडले नाही म्हणजे केलेलेच नव्हते असे नाही.

सापडले तर सावकाश वाचा. सासरी गेलेल्या लेकीला दिलेला दागिना, विधवा बहिणीच्या अन्नवस्त्राची सोय, दत्तक मुलाचे मूळ घराणे, हे सगळे इथे येते. फेरफाराने गाळलेली माणसे मृत्युपत्रात नावानिशी सापडतात, त्यासाठीच एवढी खटपट करावी असे मला मनापासून वाटते.

पणजोबांची मिळकत मुंबई शहरात होती का? मग मुंबई उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागात प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाने मृत्युपत्र खरे ठरवल्याची, नोंद शोधा. इतरत्र जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारस दाखला निघालेला असू शकतो, आणि त्या प्रकरणात वारसांची नावे मिळतात. दोन्हीकडे नकलेचा अर्ज लागतो. प्रकरणात पक्षकार नसाल तर कारण लिहा आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडा. घराण्याला इनाम असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात इनाम कमिशनचे, म्हणजे ब्रिटिशांनी इनामांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनचे, कागद पाहा. १८५२ च्या कायद्यानंतर हक्क शाबीत करण्यासाठी इनामदारांनी दिलेल्या वंशावळी त्यांत आहेत.

कुठेही ‘रेकॉर्ड नाही’ असे तोंडी उत्तर घेऊन परतू नका. कोणत्या वर्षांची वही पाहिली, ती जीर्ण आहे की गहाळ, हे लेखी मागा. लेखी देत नसतील तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा आणि वहीच्या तपासणीचीही मागणी करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.