मातीची पट्टी सेवाग्रामात कुठून आली

विदर्भाच्या खेड्यांत पोटावरची मातीची पट्टी किंवा कटिस्नान म्हटलं की लोक ते सरळ आयुर्वेदाच्या खात्यात टाकतात. शरीर, इंद्रियं, मन आणि आत्मा यांचा संयोग म्हणजे आयुष्य, ही चरकसंहितेतली मांडणी जुनीच आहे आणि आजाराऐवजी अख्ख्या माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी तिच्यातून आली. पण टबात बसून पोट चोळायची रीत वर्ध्याला पोचली ती फार लांबच्या वाटेने.

मध्य युरोपातल्या सिलेशियामधल्या ग्रेफेनबर्गचा व्हिन्सेंट प्रिस्निट्झ (१७९९–१८५१) हा शेतकऱ्याचा पोर. गाडीखाली सापडून त्याच्या बरगड्या मोडल्या, तेव्हा तो ओल्या फडक्यांच्या पट्ट्या बांधून बरा झाला आणि पुढे त्याने गावातच जलोपचार सुरू केले. लुई कुन्हे यांनी जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये कटिस्नानाची पद्धत बसवली. ॲडॉल्फ जुस्ट यांनी १८९६ मध्ये हार्ट्झ डोंगरात युंगबोर्न नावाचं निसर्गोपचार केंद्र काढलं आणि मातीवर भर दिला. कुन्हे आणि जुस्ट यांची पुस्तकं गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना वाचली. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीवर त्यांनी पहिल्यांदा माती लावली ती स्वतःच्याच पोटाला. अख्ख्या माणसाचा विचार करणारा या अर्थाने आज सगळीकडे वापरला जाणारा ‘होलिस्टिक’ हा शब्द ज्या ‘होलिझम’वरून आला, तो १९२६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे नेते यान स्मट्स यांनी घडवला. गांधीजींना आफ्रिकेत तुरुंगात टाकणारे आणि त्यांनी तुरुंगात शिवलेल्या चपला भेट मिळालेले स्मट्स ते हेच.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. पुढे आगाखान पॅलेसमधल्या कैदेत त्यांनी आरोग्यावर लिहिलं, त्यात मापं चोख दिली आहेत. पट्टी सहा इंच लांब, तीन इंच रुंद, अर्धा इंच जाड. माती मऊ गाळाची हवी, खरखरीत किंवा चिकट नको, आणि खत घातलेल्या जमिनीतली तर मुळीच नको. ती वाळवून बारीक चाळणीने चाळायची. स्वच्छतेची शंका असली तर आधी चांगली तापवायची.

आपल्याकडे नेमकं इथेच चुकतं. हाताशी असते ती वावरातली काळी माती. ओली झाली की ती फुगते, सुकताना आकसते. म्हणून पट्टी अंगावरच तडकते आणि काढताना केस ओढले जातात. त्यात कपाशीवरच्या फवारणीचं औषध वरच्या थरात उतरलेलं असतं. त्यापेक्षा खत-फवारणी न पोचलेल्या जागी दोन-तीन फूट खणून काढलेली माती किंवा नाल्याकाठचा स्वच्छ गाळ घ्यावा. पाणी बेताचं घालून माती कणकेसारखी मळावी. पातळ झाली तर ओघळते आणि अंथरूण भिजवते. फडक्यावर सारखी पसरून पोटावर ठेवावी आणि सुकू लागण्याआधी काढावी. उघड्या जखमेवर माती घालू नये, धनुर्वाताची भीती असते.

कटिस्नानाला तीनेक फूट लांबीचा टब लागतो. पाय आणि डोकं बाहेर, पाणी बेंबीपर्यंत, आणि ओल्या पंच्याने पोट हलक्या हाताने चोळत राहायचं. वेळ पाच ते तीस मिनिटं. खोलीत वाऱ्याचा झोत नको. हे जेवल्यावर कधीच करू नये. पौष-माघाच्या थंडीत आधीच कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गार पाण्यात बसवणं म्हणजे त्याला आजारी पाडणं आहे.

मापाचं महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसतं ते १९०२ च्या मुंबईत. गांधीजींचा मुलगा मणिलाल दहा वर्षांचा होता आणि त्याला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा सुचवला, तो गांधीजींनी नाकारला. पोराला त्यांनी कटिस्नान दिलं, पण एका वेळी तीन मिनिटांहून जास्त कधीच नाही. अन्न म्हणून फक्त पाणी घातलेला संत्र्याचा रस. ताप १०४ वर गेला तेव्हा पिळलेल्या ओल्या चादरीत गुंडाळून वरून पांघरुणं घातली आणि घाम काढला. पण नाडी आणि छाती तपासायला डॉक्टरांनी येत राहावं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुढे १९२४ मध्ये त्यांचं स्वतःचं आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) सुजलं, तेव्हा ते पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेले.