फॉग लाइट की ऑक्झिलरी? आधी भिंतीवर पाडून बघा

पावसाळ्याच्या तोंडावर ॲक्सेसरीच्या दुकानात गेलात की दुकानदार दोन गोल एलईडी दिवे पुढे करतो : "घ्या साहेब, भारी फॉग लाइट." बरेचदा ते फॉग लाइट नसतातच. ते ड्रायव्हिंग लाइट असतात, ज्यांना आपण ऑक्झिलरी म्हणतो. दोन्ही दिवे बम्परपाशीच बसतात आणि दिसायलाही सारखे असतात, पण त्यांची कामं एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

फॉग लाइटचा झोत रुंद आणि चपटा असतो. वरच्या बाजूला तो सुरीने कापल्यासारखा संपतो, त्या रेषेला कट-ऑफ म्हणतात. धुक्यात हवेतले पाण्याचे कण उजेड मागे फेकतात. म्हणूनच आंबोलीत अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा झोत, लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लाइट खाली बसवलेला असतो आणि वर उजेड टाकत नाही, त्यामुळे रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा तेवढा दिसत राहतो. घाटात तेवढंच पुरतं. पुढचा फॉग लाइट पांढरा किंवा पिवळा असतो. लाल असतो तो मागचा, मागून येणाऱ्याला आपली गाडी दिसावी म्हणून.

ऑक्झिलरीला कट-ऑफ नसतो. तिचा झोत अरुंद आणि लांबवर जाणारा, म्हणजे अप्परला दिलेली जोड. रिकाम्या सरळ रस्त्यावर ती खरंच उपयोगी पडते. धुक्यात मात्र ती अप्परपेक्षाही वाईट, आणि समोरून गाडी येत असेल तर त्या ड्रायव्हरला काही क्षण पूर्ण आंधळं करते. वरंधा घाटाच्या एका वळणावर मी तो अनुभव घेतलाय. डोळे सावरेपर्यंत गाडी कुठे आहे हेच कळत नव्हतं.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ सांगतो की अंधारात समोर १५५ मीटरवरचं माणूस-वाहन स्पष्ट दिसलं पाहिजे. ते काम गाडीच्या मूळ हेडलाइटचं आहे. नियम १०६ मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो थेट माप देतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, तो दिपता कामा नये. उजवीकडेच का, तर आपण डावीकडून चालतो आणि समोरचा आपल्या उजवीकडून येतो. झोत कायमचा खाली वळलेला हवा, नाहीतर ड्रायव्हरला तो खाली करता आला पाहिजे किंवा हेडलाइट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, आणताच दिवा विझला पाहिजे. नीट बसवलेला फॉग लाइट पहिल्या अटीत बसतो. ऑक्झिलरीला मात्र डिपरबरोबर विझावंच लागतं. वेगळं बटण देऊन हेडलाइट डिपरवर असतानाही ती चालू ठेवण्याची जी वायरिंग सर्रास करून देतात, ती या नियमाविरुद्ध आहे.

गाडीच्या पुढे लावलेल्या सर्चलाइटसाठी नियम १११ वेगळा आहे : अपवादात्मक कारण आणि आधी आरटीओची मंजुरी, त्याशिवाय नाही. दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

घेण्याआधी दिवा दुकानातच लावायला सांगा आणि भिंतीवर पाडा. वरची कड सरळ, स्पष्ट दिसली तर फॉग लाइट. मधोमध प्रखर गोळा आणि वरपर्यंत उजेड पसरलेला दिसला तर ऑक्झिलरी, खोक्यावर काहीही छापलेलं असो. बसवून झाल्यावर अंधारात टेप घेऊन ८ मीटरवर स्वतः उभे राहा. उंच असाल तर थोडं वाका, डोळे दीड मीटरवर आणा, आणि घरातल्या कुणाला तरी दिवे लावायला सांगा.