कोटाचा तट पडला, हायकोर्ट उभे राहिले

मुंबईतील फोर्ट भागाला जुने मराठी लोक 'कोट' म्हणत. उच्च न्यायालयाच्या इमारतीची कथा या कोटाच्या तटापासूनच सुरू होते, परंतु न्यायालय इमारतीहून जुने आहे. पूर्वी शहरातील खटले मुंबईतल्याच तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात, तर बाहेरच्या मुलुखातील अपिले सदर अदालत या वेगळ्या वरिष्ठ न्यायालयात चालत. ही दुहेरी व्यवस्था मोडून १४ ऑगस्ट १८६२ रोजी हायकोर्ट सुरू झाले आणि त्याचे कामकाज पुढील सोळा वर्षे कोटातल्या अपोलो स्ट्रीटवरील जुन्या वास्तूतच चालले.

त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी निरुपयोगी झालेला तट पाडण्याचे काम हाती घेतले. मोकळ्या झालेल्या जमिनीवर सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट, सार्वजनिक बांधकाम खाते अशी सरकारी इमारतींची रांगच समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. आज ओव्हल मैदानात उभे राहिले तर समुद्र दिसत नाही, कारण बॅकबेच्या भरावावर १९३० च्या दशकात आर्ट डेको, म्हणजे ठळक भौमितिक रेषांच्या शैलीतील, घरे उभी राहिली. या दोन्ही रांगांना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

कर्नल जेम्स फुलर यांनी आराखडा केलेल्या या इमारतीचे काम एप्रिल १८७१ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाले. खर्च सुमारे साडेसोळा लाख रुपये, म्हणजे मंजूर रकमेपेक्षा थोडा कमीच (सरकारी बांधकामाच्या बाबतीत हे मुद्दाम सांगायला हवे). ५६२ फूट लांबीच्या या गॉथिक वास्तूवर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. पण नजर खिळते ती दगडात कोरलेल्या माकडावर, ज्याच्या एका डोळ्यावर पट्टी आणि हाती तराजू आहे. कारागिराने हा टोला नेमका का हाणला, याविषयी दंतकथाच अधिक आहेत.

मराठी माणसाच्या मनात मात्र ही इमारत राहिली ती मधल्या दालनामुळे. 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर १९०८ मध्ये येथेच राजद्रोहाचा खटला चालला. त्यांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि त्यांचे भाषण अनेक दिवस चालले. समोर न्यायमूर्ती दिनशा दावर होते, ज्यांनी १८९७ च्या खटल्यात बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी, या न्यायासनाहून श्रेष्ठ अशी शक्ती जगाचे नियमन करते, असे टिळक म्हणाले. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याच दालनाबाहेर टिळकांचे हेच शब्द कोरलेल्या संगमरवरी शिलेचे अनावरण केले.