‘ऋण सोडणे’: एका ओळीची पार्श्वभूमी

‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तसे तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळीत मुलांना येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली ही ओळ अर्थ कळण्याआधी पाठ होते. पुढे भावाने बांध सरकवलेला असतो, वाटणीत दगा झालेला असतो, तरी रविवारी ती म्हणावीच लागते. मग प्रश्न पडतो: आधी कोणी सोडायचे, आम्ही की देवाने?

वाद जुनाच. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनहून रोमला आलेला एक साधू म्हणत होता, आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळण्याचे बळ माणसात आहे. उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपचे म्हणणे उलट होते: देव जे मागतो ते आधी त्यानेच द्यावे लागते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने बिशपची बाजू उचलली. सोळाव्या शतकात तारण देवाच्या कृपेने की माणसाच्या कृत्यांनी यावरून पश्चिमेतली चर्च दुभंगली, आणि १९९९ मध्ये लुथरन व कॅथलिकांनी त्यावर एकत्र घोषणा केली.

मराठीत ‘कृपा’ समजावून सांगावी लागली नाही. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. देवाने आपणहून पदरात घेणे अभंगांतून कानावर होतेच. अडला तो ‘ऋण’ हा शब्द. येशूच्या अरामी बोलीत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता. शुभवर्तमानात ही प्रार्थना देताना मत्तयाने कर्जाचा अर्थ धरला, लूकने ‘पाप’ लिहून पुढे ‘ऋणी’ ठेवला. कॅथलिकांच्या मराठी प्रार्थनेत ‘अपराध’ येतो. तो कानाला सोपा आहे, पण माझ्या मते ‘ऋण’च खरा. इथल्या माणसाला सावकाराची वही ठाऊक होती. सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा आला. त्याने कोर्टाला कर्जाचा मागचा हिशेब उकरून पाहता येऊ लागला, कर्जापायी होणारी कैदही गेली. कर्ज मात्र सुटले नाही. ‘सोड’ म्हणजे हिशेब नीट करणे नव्हे, वही फाडणे, हा फरक अशा जिल्ह्यात वेगळा शिकवावा लागला नसेल.

आता ‘सोडले आहे’. ग्रीक हस्तलिखितांतही इथे मतभेद आहे. काहींत ‘सोडतो’ आहे, सर्वांत जुन्यांत ‘सोडले’. मराठीने भूतकाळ धरला आणि ओळ अटीसारखी ऐकू येऊ लागली: आम्ही आमचे काम केले, आता तुझे. पण मत्तयाच्याच अठराव्या अध्यायातला दाखला ही अट उलटी करतो. चाकराला दहा हजार तालांत सुटतात, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्यानंतर तो शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरतो. त्याचा दोष आधी न सोडल्याचा नाही. सुटल्यावरही न सोडल्याचा आहे. योहानाच्या पत्रातही क्रम हाच: पहिल्याने त्याने प्रीती केली, म्हणून आपण करतो.

सोलापुरात या शिकवणीची कसोटी लागली ती ‘सेटलमेंट’मध्ये. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले होते आणि कारभार काही काळ एका मिशनकडे होता. शाळा निघाल्या, गिरणीत कामे मिळाली, हे खरे. पण आत ज्यांना पापक्षमा सांगितली जात होती त्यांचेच देणे बाहेरच्यांवर थकले होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला शिक्का पुसला गेला. माफी कोणी कोणाची मागायची, हे मात्र तेव्हा कोणी विचारले नाही.

आजही ‘ऋण सोड’ हे आधी सोसणाऱ्यालाच ऐकवले जाते. सासरी मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला समेट कर म्हणतात, आणि क्षमा व समेट एकच धरतात. कृपेवर विसंबणे म्हणजे मनातला सूड देवाच्या हाती देणे. त्यासाठी त्या घरी परत जावे लागत नाही. ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करण्याची आज्ञा मत्तयाच्या ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात थोडे आधी वेगळा क्रम दिला आहे: अपराध करणाऱ्याला एकांतात त्याची चूक दाखव, ऐकले नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीला सांग.