पार्श्वभूमी : 'अध्ययन अक्षमता' आणि सोलापूरची चार भाषांतली मुलं

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने १९९५च्या कायद्यातले सात प्रकार एकवीसवर नेले आणि त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं, पहिल्यांदाच आली. महाराष्ट्राला ती नवी नव्हती. १९९६पासून इथे अशा मुलांना परीक्षेत सवलती होत्या: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित. मात्र दाखला देणारी सुरुवातीची केंद्रं मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत होती. सोलापुरात विड्या वळून घर चालवणाऱ्या आईला त्या दाखल्यासाठी रात्रीची गाडी आणि निदान दोन दिवसांची बुडालेली मजुरी मोजावी लागली असती. कागदावर सवलत राज्यभर होती. आवाक्यात ती मोजक्याच घरांच्या होती, असं मला वाटतं.

मूळ कल्पना जुनी. १८९६ मध्ये एका इंग्रज डॉक्टरने हुशार असूनही वाचू न शकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची नोंद केली; तेव्हा याला शब्दांधता म्हणत. आजचा 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा इंग्रजी शब्द १९६३ मध्ये शिकागोतल्या पालकांच्या परिषदेतून रूढ झाला. 'मंदबुद्धी', 'मेंदूला इजा' असले शिक्के मुलांवर बसू नयेत, ही त्यामागची धडपड होती.

मराठीत येताना नेमकी हीच धडपड हरवली. 'अक्षमता' ऐकलं की आईला 'माझ्या लेकराला शिकताच येणार नाही' असं ऐकू येतं. शिक्षकांच्या बोलण्यात हा शब्द 'गतिमंद'ला चिकटतो, कधी थेट 'मतिमंद'ला. खरं तर बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडतं, तेव्हाच ही अडचण म्हणायची. त्यात शाळेच्या नोंदींत 'विशेष गरजा असणारी बालके' हा वेगळाच गट. ब्रिटनमध्ये १९७८च्या एका अहवालाने वैद्यकीय वर्गवारीऐवजी 'गरज' हा शब्द पुढे आणला, वेल्सने २०१८ मध्ये 'शिकण्याच्या अतिरिक्त गरजा' या नावानेच कायदा केला. आपल्याकडे मात्र एकच मूल नोंदवहीत विशेष गरजेचं, रुग्णालयात अक्षम आणि चाचणीनंतर 'अप्रगत' ठरू शकतं. तीन नावं, तीन कागद, आणि मदत कुठल्या नावाने मागायची हे पालकांना कोणी सांगत नाही.

सोलापूरचा खरा पेच याच व्याख्येत आहे. अडचण डोळ्यांमुळे, कानांमुळे, बुद्धीमुळे किंवा पुरेसं न शिकवल्यामुळे नसावी, अशी अट असते. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात तेलुगू, अक्कलकोटच्या वाड्यावस्त्यांवर कन्नड, कुठे उर्दू; त्यातली कित्येक मुलं शाळेत मात्र मराठी वाचतात. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं मूल अर्धं वर्ष वर्गातच नसतं. अशा मुलाचं वाचन अडलं, तर ते कशामुळे? या प्रश्नाचं उत्तर शोधणं हेच इथलं संशोधन आहे, आणि ते दाखल्याच्या आधी व्हायला हवं.

जानेवारी २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिसरी किंवा वयाचं आठवं वर्ष, यातलं आधी येईल तेव्हा छाननी ठेवली. पुढे बुद्ध्यांक ८५च्या वर असेल तरच विशेष चाचणी, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी, असं त्या सूचनांत होतं. ही ८५ची रेघ मला फार खटकते. ७० ते ८५च्या मधलं मूल त्या रेघेमुळे बौद्धिक अक्षमतेतही बसत नव्हतं आणि इथेही नाही. वर्गात सर्वांत जास्त आधार त्यालाच लागतो.

चाचण्यांची भाषाही तितकीच महत्त्वाची. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बरेच जुळतात, म्हणून अडचण असलेलं मूल पुष्कळदा बरोबर वाचतं पण फार हळू, आणि जोडाक्षरांशी अडतं. इंग्रजी स्पेलिंगवर बेतलेली चाचणी ते पकडत नाही. कन्नडवरच्या अभ्यासांत अक्षरसंच पुरता हाती यायला तिसरी-चौथी उजाडते असं दिसलं, म्हणजे तिसरीतली घाई फसवी ठरू शकते. भारतीय भाषांसाठीचा 'डाली' हा चाचणीसंच २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आला. तेलुगू त्या पहिल्या संचात नव्हती. म्हणजे पूर्व भागातल्या मुलाला मराठीत तपासता येत होतं, घरच्या भाषेत नाही. आणि दोन्हींची तुलना केल्याशिवाय भाषेची अडचण कुठे संपते आणि वाचनाची कुठे सुरू होते, हे ठरवता येत नाही.