स्पेक्ट : बघण्यातून निघालेले इंग्रजी शब्द

इन्स्पेक्ट, रिस्पेक्ट, सस्पेक्ट, एक्स्पेक्ट, अ‍ॅस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट हे सगळे इंग्रजी शब्द एकाच घरातले आहेत, आणि ते घर म्हणजे लॅटिनमधलं स्पेकेरे हे क्रियापद. अर्थ साधा, बघणं. त्याचंच स्पेक्टारे असं एक रूप होतं, म्हणजे नुसतं बघणं नाही तर निरखून बघत राहणं. या मुळापासून इंग्रजीत कितीतरी शब्द आलेत, त्यातले बरेच आपण रोज वापरतो आणि त्यांच्या पोटात 'बघणं' लपलेलं आहे हे लक्षातही येत नाही.

मराठी माणसाला हा प्रकार खरं तर अगदी ओळखीचा आहे. संस्कृतमधला ईक्ष् हा धातू घ्या, त्याचा अर्थही बघणंच, आणि त्याच्यापासून निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, अधीक्षक असा मोठा गोतावळा तयार झाला. धातू एकच, पुढचा उपसर्ग बदलला की नजरेची दिशा बदलते आणि अर्थ बदलतो. इंग्रजीत स्पेक्टचं हुबेहूब असंच चालतं, त्यामुळे ज्याला आपले उपसर्ग कळतात त्याला हे शब्द पाठ करायला वेगळं काही शिकावं लागत नाही असं माझं ठाम मत आहे.

इन म्हणजे आत, म्हणून इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून बघणं, तपासणी. प्रो म्हणजे पुढे, म्हणून प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढे काय दिसतंय ते, भवितव्य. रेट्रो म्हणजे मागे, त्यावरून रेट्रोस्पेक्ट, मागे वळून बघणं. सर्कम म्हणजे सभोवती, म्हणून सर्कमस्पेक्ट माणूस म्हणजे चारी बाजूंना बघून पाऊल टाकणारा. सस्पेक्टमध्ये सब हा उपसर्ग दडलाय, सब म्हणजे खाली, मान न उचलता खालून वर बघणं, आणि अशी नजर संशयाचीच असते. रिस्पेक्टमध्ये री म्हणजे परत किंवा मागे, ज्याच्याकडे वळून पुन्हा बघावंसं वाटतं त्याच्याबद्दल आदर. एक्स्पेक्टमध्ये एक्स म्हणजे बाहेर, बाहेर नजर लावून बसणं, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा एक सरळ अर्थ वाट बघणं असाच होता, आपणही वाट 'बघतोच' की. यात स्पेक्टचा स गेला कुठे असा प्रश्न पडतो, तर एक्सच्या शेवटी आधीच स चा उच्चार आहे त्यात तो विरघळून गेला.

आता खरी गंमत. मूळ एकच असलं तरी स्पेलिंग सगळीकडे स्पेक्ट राहत नाही. लॅटिनमध्ये उपसर्ग लागला की आतल्या ऱ्हस्व ए चा बऱ्याचदा इ व्हायचा, स्पेक चं स्पिक व्हायचं, पण ए च्या पुढे जोडाक्षर असलं तर तो टिकायचा. म्हणून एकीकडे इन्स्पेक्ट आणि दुसरीकडे कॉन्स्पिक्युअस (डोळ्यात भरणारं), डेस्पिकेबल (तुच्छ लेखण्याजोगं) आणि ऑस्पिशस. डेस्पिकेबलमधला डे म्हणजे खाली, वरून खाली बघणं, त्याचा भाऊ डेस्पाइज. पुढे १०६६ साली फ्रान्सच्या उत्तरेकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, त्या वाटेने आलेल्या शब्दांचा तर चेहराच बदलला. रेस्पाइट म्हणजे उसंत, हा मुळात रिस्पेक्टचा सख्खा भाऊ आहे. स्पाइट म्हणजे आकस, तो डेस्पाइटचा पुढचा भाग तुटून उरलेला.

ऑस्पिशसवर जरा थांबायला हवं. यात आविस म्हणजे पक्षी आणि पुढे स्पेकेरे. प्राचीन रोममध्ये मोठं काम हाती घेण्याआधी पक्षी कुठून कुठे उडतात, कसे ओरडतात ते बघून शकुन ठरवायचे, तेव्हा ऑस्पिशस म्हणजे पक्षी बघून चांगला ठरलेला, शुभ. एवढा एक धागा माहीत असला की हा शब्द जन्मात विसरत नाही.

काही शब्द मात्र फार लांब गेलेत. स्पीशीज म्हणजे आधी नुसतं दिसणं, रूप, मग विशिष्ट रूपाचा प्रकार, मग जीवशास्त्रातली प्रजाती. स्पेशल आणि स्पेसिफिक त्याचेच. उत्तरकालीन लॅटिनमध्ये हाच शब्द मालाच्या प्रकारांसाठी वापरायला लागले आणि फ्रेंचमार्फत त्याचा स्पाइस झाला, म्हणजे मसाला आणि प्रजाती एकाच शब्दाची पोरं. स्पेक्ट्रम म्हणजे लॅटिनमध्ये आकृती किंवा भास, न्यूटनने १६७० च्या दशकात लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्याला ते नाव वापरलं, आणि त्याच शब्दातून फ्रेंचमार्फत आलेला स्पेक्टर म्हणजे भूत. स्पेक्युलेट आला टेहळणीच्या बुरुजावरून, लॅटिनमध्ये त्याला स्पेक्युला म्हणायचे. उंचावरून लांबचं बघणं, मग मनातल्या मनात अंदाज बांधणं, आणि आता शेअर बाजारातली सट्टेबाजीसुद्धा.

हे मूळ लॅटिनपेक्षाही जुनं आहे. ग्रीकमध्ये त्यातल्या प आणि क ची अदलाबदल झाली आणि स्पेक चं स्केप झालं, त्यातून स्केप्टिक (शंका घेणारा) आणि स्कोप. टेलिस्कोप हे नाव १६११ मध्ये गॅलिलिओच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत पुढे आलं, मायक्रोस्कोप १६२५ मध्ये, स्टेथोस्कोप फ्रेंच डॉक्टर लायनेकने १८१६ च्या सुमारास छाती तपासायचं उपकरण केलं तेव्हाचा. चर्चमधला बिशप हा पण ग्रीक एपिस्कोपोस म्हणजे वरून देखरेख करणारा, अधीक्षकच. जर्मानिक भाषांच्या, म्हणजे जर्मन-इंग्रजी ज्या कुटुंबातल्या त्याच्या, बाजूने फ्रेंचमधून आला स्पाय, म्हणजे हेर. आणि संस्कृतमध्ये त्याच मुळाचं पश्यति म्हणजे बघतो, ऋग्वेदात वरुणाच्या हेरांना स्पश म्हटलंय, आणि आपला रोजचा 'स्पष्ट' हा शब्द, नीट दिसलेलं, तोही याच घरातला.

शब्द शिकताना एक काळजी घ्यावी लागते. मूळ कळलं म्हणजे अर्थ कळला असं होत नाही, मुळातून चित्र मिळतं, आजचा अर्थ वाक्यातूनच घ्यावा लागतो. रेट्रोस्पेक्ट आणि रिस्पेक्ट दोन्हीत मागे बघणं आहे, पण अर्थाने एकमेकांच्या जवळपासही नाहीत. दुसरं म्हणजे दिसायला सारखे ते सगळे नातेवाईक नसतात. स्पीक म्हणजे बोलणं आणि स्पेक म्हणजे ठिपका, दोन्ही जुने जर्मानिक शब्द, त्यांचा बघण्याशी काही संबंध नाही. उलट पुस्तकाच्या पहिल्या चित्रपानाला फ्रंटिसपीस म्हणतात, त्याच्या शेवटी पीस म्हणजे तुकडा दिसतो पण तो तुकडा नाही, लॅटिनमधला फ्रंटिस्पिकियम म्हणजे इमारतीची समोरून दिसणारी बाजू, बोलणाऱ्यांना स्पिक कळलं नाही म्हणून त्यांनी ओळखीचा पीस बसवला आणि स्पेलिंगही तसंच पक्कं झालं.